तयार कोटातले शेठ आणि नानांचा डावा हात

पनवेल हे बघायचं गाव नाही, ओलांडायचं गाव आहे, असं आमच्या घरात पक्कं ठरलेलं आहे. ठरवलं अर्थात सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. साताऱ्याहून मुंबईला नणंदेकडे जाताना कळंबोलीचे ट्रक दिसायला लागले की तो म्हणतो, "चला, आलंच आता," आणि पनवेल मागं पडतं. आजवर आम्ही तिथं चहासाठीसुद्धा थांबलो नव्हतो.

त्यामुळे जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी जाहीर केलं की उद्या मी पनवेललाच चाललेय, तेही मुक्कामाला, तेव्हा तो पेपरातून वर बघत म्हणाला, "कुणाचं काय झालं?"

कुणाचं काही झालं नव्हतं. माझ्या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड माहीत आहे. नव्या गावात गेले की मी देवळाआधी वाचनालय शोधते. पुस्तकांसाठी नाही, भिंतींसाठी. आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत, शाळांत, धर्मशाळांत देणगीदारांची तैलचित्रं लावलेली असतात. पगडी, कोट, काठी, आणि समोरच्याच्या डोक्यावरून कुठंतरी लांब लागलेली नजर. मला ती माणसं बघायला फार आवडतं. पनवेलच्या जुन्या भागातल्या एका वाचनालयात अशी चार चित्रं आहेत, असं एका वाचकानं कळवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "जाऊन नीट बघा, गंमत आहे." आता असं म्हटल्यावर कोण घरी बसेल?

"लोक ताजमहाल बघायला जातात," सुधीर म्हणाला, "आणि तू मेलेल्या शेठजींचे कोट बघायला." पण गाडीत हवा त्यानंच भरून आणली.

शनिवार

उजाडायच्या आत निघालात तर खंबाटकी आणि पुण्याचा बाहेरचा रस्ता दोन्ही निवांत मिळतात. साताऱ्याहून पनवेलपर्यंत थांबत थांबत पाच तास धरा. एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये बटाटेवडा खाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण किंमत विचारल्यावर तो घशाखाली उतरायला वेळ लागतो. घरून पोळीभाजी न्या. घाट उतरला की हवा एकदम दमट होते आणि अंगातला स्वेटर चावायला लागतो. कळंबोलीला लोखंडी कांबी लादलेले ट्रेलर आपल्याच मालकीचा रस्ता असल्यासारखे उभे असतात, तिथं गाडी दामटायची नाही. त्यांना घाई नसते, आपल्यालाही नसावी.

जुन्या पनवेलमध्ये गाडी लावायला जागा मिळणं हे नशिबाचं काम आहे. मी सरळ तळ्याच्या बाजूला लावली आणि पुढं पायी फिरले. एसटी स्टँडजवळच्या लॉजमध्ये हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळाली. गरम पाणी फक्त सकाळी, हे तिथल्या काउंटरवरच्या माणसानं तीनदा सांगितलं.

वाचनालय एका बोळात आहे. खाली पेपर वाचणारे ज्येष्ठ नागरिक, वर सभागृह. ग्रंथपाल पन्नाशीचे, हसतमुख, गळ्यात मफलर. मी येण्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी किल्ली काढली आणि म्हणाले, "फोटो काढा, पण फ्लॅश नको. शेठ लोक दचकतात."

वर गेले. लांबट खोली, रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर चौघे. पहिल्या नजरेत चौघेही भारदस्त. काळा बंद गळ्याचा कोट, त्यावर घड्याळाची सोन्याची साखळी, उजवा हात चांदीच्या मुठीच्या काठीवर, डावा शेजारच्या टेबलावरच्या पुस्तकावर, मागं गोंड्याचा लाल पडदा. हे सगळं वाचता येतं, म्हणून मला ही चित्रं आवडतात. काठी म्हणजे जमीनजुमला, कारण चालायला तिची गरज असलेला एकही दिसत नाही. साखळी म्हणजे आमच्या वेळेला किंमत आहे. पुस्तक म्हणजे आम्ही नुसते पैसेवाले नाही. पडदा कशासाठी असतो ते मला अजून कळलेलं नाही. पनवेलच्या घामट हवेत कुणाच्या घरी मखमली पडदे होते, देव जाणे.

मग मी जरा जवळ गेले आणि गंमत कळली. पहिल्या शेठजींच्या कोटाला डाव्या खिशाशी एक सुरकुती होती. दुसऱ्यांच्या कोटालाही तीच. तिसऱ्यांच्याही. साखळीचे वळसे तेच, बोटांची ठेवण तीच, अंगठीतला खडासुद्धा तोच. चौघांचं धड एकच होतं, डोकी तेवढी वेगळी.

मागं ग्रंथपाल खुदखुदत होते. "कळलं ना? बऱ्याच जणांना कळत नाही. आमच्या अध्यक्षांना बारा वर्षं झाली, अजून कळलेलं नाही."

पण डोकी मात्र अस्सल होती हो. दुसऱ्या शेठजींच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून ठेवलं होतं, आणि तेवढ्यावरून तो तोलामोलाचा कोट त्यांनी कुणाकडून तरी मागून आणल्यासारखा वाटत होता. चौथ्यांच्या कपाळाला आठी होती. हा माणूस जेवताना एक शब्द बोलत नसणार. खाली पितळी पट्टीवर 'सौ. यांच्या इच्छेवरून' असं लिहिलं होतं. त्या सौ. मात्र कुठल्याच भिंतीवर नव्हत्या.

"हे काढले कुणी?" मी विचारलं.

"आमच्या शशी पेंटरच्या वडलांनी. शशी अजून काढतो. तळ्यावरून सरळ जा, बँडवाल्याच्या शेजारी."

शशी पेंटरचं दुकान म्हणजे एक खोली आणि बाहेर पत्र्याची पडवी. साठीचा माणूस, मिशी एकेक केस मोजून कातरलेली, शर्टावर रंगाचा एक डाग नाही. मी चौघांच्या कोटाचा विषय काढल्यावर त्याला ओशाळं वाटेल अशी माझी समजूत होती. छे! तो फुलला.

"बाबांनी एक कोट मन लावून काढला, मॅडम. तीन महिने लागले. एवढा चांगला कोट एकदाच वापरायचा? मग त्याचा खाका, म्हणजे छापून घ्यायचा नमुना, करून ठेवला. गिऱ्हाईक आलं की बॉडी तयार. आपण फक्त डोकं बसवायचं."

त्यानं एक मळका आल्बम काढला. त्याच्याकडं बॉड्या चार. शेठ, साहेब, मास्तर आणि पुढारी. शेठला काठी, साहेबाला मनगटी घड्याळ, मास्तरला चष्मा आणि खडू, पुढाऱ्याला जोडलेले हात. गिऱ्हाइकानं बोट ठेवायचं, फोटो द्यायचा, महिन्यानं न्यायचं.

"आणि शेठच्या हाताखाली पुस्तक कुठलं असतं?"

"कुठलंच नाही. शेठ लोकांचं पुस्तक बंदच बरं."

"पण प्रत्यक्षात कोट नसलेलाच माणूस आला तर?"

"त्यालाच तर कोट लागतो! ज्याच्याकडं आहे तो कशाला माझ्याकडं येतोय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "बहुतेक ऑर्डरी गेलेल्या माणसांच्या. ते बरे. तक्रार करत नाहीत."

पण त्या दिवशी चित्राच्या लाकडी घोडीवर होतं ते चित्र जिवंत माणसाचं होतं. शेठ बॉडी. वर ऐंशीच्या घरातला चेहरा, उन्हानं रापलेला, पांढऱ्या भुवया, आणि डोळ्यांत असा मिस्कीलपणा की काठी, साखळी, पडदा सगळं त्याच्यापुढं फिकं पडावं. कामोठ्याच्या जुन्या गावातले बाळाराम नाना. तरुणपणी खाडीवरच्या मिठागरांतून बैलगाडीनं मीठ वाहायचे. पुढं जमिनीला भाव आला तसे बरे दिवस आले. गावच्या शाळेला सभागृहासाठी त्यांनी आपली जागा दिली, आणि रविवारी सकाळी त्याच सभागृहात हे चित्र लागायचं होतं. ऑर्डर मुलाची, दिनेशची.

"हात काय सुरेख उतरलाय," मी म्हटलं. खरंच म्हटलं. पुस्तकावर पसरलेली ती पाच बोटं राजाला शोभावीत अशी होती.

"बाबांचा खाका," पेंटर म्हणाला, पण श्रेय स्वतःकडं ठेवून.

एवढ्यात त्याला फोन आला. चित्र न्यायला येणारा टेम्पो कळंबोलीतच अडकला होता. रिक्षात एवढी फ्रेम मावेना. पेंटरनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडं, मग परत माझ्याकडं. मी तळ्यावरून गाडी आणली, मागची सीट आडवी केली आणि बाळाराम नाना चादरीत गुंडाळून डिकीत झोपले. पेंटर पुढं बसला, मांडीवर रंगाची छोटी पेटी घेऊन.

"ही कशाला?"

"डिलिव्हरीच्या वेळी कुणाला ना कुणाला मिशी जाड हवी असते."

कामोठ्याला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते, सेक्टरचे आकडे विचारत बसू नका, रिक्षावाल्यांना 'गावात' म्हणून सांगा. इमारती, क्लासेसच्या पाट्या, केकची दुकानं, पुन्हा क्लासेस, आणि मग रस्ता एकदम अरुंद होऊन वळतो. अंगणात सुकत टाकलेले बोंबील दिसले की समजायचं, गाव आलं.

नानांचं घर तीन मजली, बाहेरून चकचकीत टाइल्स, ओसरीत झोपाळा. दिनेश दारातच होता. चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, दोन फोन. स्वभावानं मोकळा. "या या, मॅडम! पेंटरनी फोनवर सांगितलं, तुम्ही ब्लॉग लिहिता म्हणून. पप्पांचं पोर्ट्रेट एकदम रॉयल आलं पाहिजे, असं बोललो होतो मी त्यांना."

चित्र झोपाळ्यासमोर खुर्चीवर ठेवलं. चादर काढली. नाना आतून आले, बारीक चणीचे, लेंगा आणि बनियन, खांद्यावर पंचा. त्यांनी स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. मग चित्राजवळ वाकून आपला डावा हात चित्रातल्या हाताशेजारी धरला, तेव्हा मला दिसलं. त्यांच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

"आयला," नाना हसले. लहान पोरासारखे खूश झाले होते. "माजा बोट परत आला!"

दिनेश हसला, पेंटर हसला, मीही हसले. मग स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"ह्यो कोन?"

काकी. नानांची बायको. लुगडं खोचलेलं, हाताला तांदळाचं पीठ.

"आई, पप्पा आहेत ना ते!"

"तोंड त्यांचा हाय. हात कोनाचा हाय?"

काकी जवळ आल्या आणि पिठाच्या बोटानं चित्रातली बोटं दाखवू लागल्या. "पाच हायत. ह्या मानसाला मी वलखत नाय."

"आई, चित्रात तरी पूर्ण दिसू दे ना. शाळेतली पोरं बघणार, पाहुणे येणार. चांगलं दिसतं का ते?"

"र्‍हाऊ दे गो," नानाही म्हणाले. "बरा दिसतंय."

"बरा दिसतंय तर टांगा शालंत. माजी ना नाय." काकींनी पदराला हात पुसले. "मी येनार नाय."

त्या आत गेल्या. नाना झोपाळ्यावर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी मजा गेली. दिनेश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आई नाही आली तर पप्पा पण जाणार नाहीत. दोघं कधी एकमेकांशिवाय कुठल्या कार्यक्रमाला गेलेच नाहीत. दोनशे माणसाचं जेवण सांगितलंय मी."

मी पाहुणी. पाहुण्यानं अशा वेळी निघावं हे शहाणपण, पण जेवल्याशिवाय सोडायची त्या घरात रीत नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले. काकी भाकरी थापत होत्या आणि प्रत्येक थापेत राग होता.

"जेवाला बस, बाय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "तुजा नवरा कसा हाय?"

"बरा आहे."

"मंग झाला तर."

जेवणाचं काय सांगू! तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, खाडीतल्या कोलंबीचं कालवण, वालाची उसळ, परतलेला जवळा. मासे खाणाऱ्यांनी पनवेलच्या बाजूला येऊन हॉटेलात पनीर मागवलं तर ते पाप आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय. घरगुती आगरी जेवण देणाऱ्या छोट्या खाणावळी आता कामोठ्याला नि खारघरला निघाल्यात, तिथं भाकरी वाढेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. थंडीत आलात तर पोपटी सोडू नका. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात शिजवतात. मला ती त्या दिवशी मिळाली नाही, याची रुखरुख अजून आहे.

जेवताना नाना पुन्हा खुलले. बोटाची गोष्ट त्यांनी मीच विचारली म्हणून सांगितली, पण ती बऱ्याचदा सांगितलेली असावी, कारण दिनेशचे ओठ बरोबर हलत होते. मिठाची गाडी बांधावरून घसरली, चाक चिखलात रुतलं, चौघांनी मिळून उचललं, आणि चाक नि कण्याच्या मध्ये नानांचं बोट सापडलं.

"तवा साकरपुरा झालेला," नाना म्हणाले. "लगीन पंदरा दिसांवर. बापूस बोल्ला, मुलीकरच्यांना कललं तर सोयरीक मोरंल. मंग काय! लगनाच्या दिशी हातात कट्यार दिली न वरना रुमाल बांदला. येवरा मोटा रुमाल! लगीन लावनारी धवलारीन गानी बोलतेय न मी हात वर कराला तयार नाय." ते हसले आणि स्वयंपाकघराकडं मान करून आवाज खाली आणला. "हिला दुसऱ्या दिशी कलला. बिचारी एक सबूद नाय बोल्ली. आजपरत नाय बोल्ली."

नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीवर रुमाल बांधून बोट लपवलेलं लग्न मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, काकींनी राग धरला असता तरी चाललं असतं.

जेवणं आटोपल्यावर पेंटरनं तोडगा काढला. या माणसाला व्यवहार कळतो. तो चित्रासमोर उभा राहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "असं करू. बोट ठेवायलाही नको, काढायलाही नको. हातावरून उपरण्याचा पदर सोडतो. भरजरी. शेठला शोभेल, आणि बोट किती ते कुणाला दिसणार नाही."

"बेस्ट!" दिनेश म्हणाला. नानांनीही मान डोलावली. पेंटरनं पेटी उघडली.

"परत झाकता?"

काकी ओसरीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, पण आम्ही सगळे थांबलो.

"एकदा झाकलात ता पुरं झाला," त्या नानांकडं बघत म्हणाल्या. "मना ठाव होता. लगनाच्या आदीपासना. माजा भाऊस पनवेलच्या बाजारात मासली घेऊन बसाचा. त्यानी तुमाला बगला, हाताला फडकी गुंडाललेली. घरी येऊन बापसाला सांगला. बापूस निघाला होता साकरपुरा मोराला."

नाना झोपाळ्यावर होते. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला.

"मंग?"

"मंग मी बोल्ले, बोट गेलाय, हात हाय ना? हाच नवरा मना पायजे."

"तुला ठाव होता?" नानांचा आवाज एकदम बारीक झाला. "न तू कदी बोल्ली नाय?"

"तुमी घरची सगली येवऱ्या मेनतीनी रुमाल बांदून आलेलात. मी तो कशाला सोरू?" काकींना हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही आलं. त्यांनी ते पुसलं नाही. चित्राकडं बोट केलं. "पन ह्याला शालंत लावाचा नाय. ह्या पाच बोटांच्या मानसाला मी कदी हो बोल्लेच नाय."

सरळच सांगते, मी रडले. दिनेश फोनमध्ये काहीतरी बघायला लागला, पण फोन बंद होता. पन्नासहून जास्त वर्षं हा माणूस समजत होता की आपण हिला फसवून आणलं आणि हिनं मोठ्या मनानं पोटात घातलं. आणि हिनं तर आधीच पाहून, समजून, बापाशी भांडून त्याला निवडलं होतं.

नाना उठले. चित्राजवळ गेले. आपल्या त्या राजेशाही हाताकडं एकदा बघून घेतलं, मला वाटतं थोडं वाईट वाटून, आणि पेंटरला म्हणाले, "कारून टाक रं ता बोट."

शशी पेंटरचा जीव खालीवर झाला. वडलांचा खाका, एवढ्या वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता. पण त्यानं पुस्तकाच्या जिल्दीचा मरून रंग कालवला आणि बोट हळूहळू त्या रंगाखाली गेलं. मग त्वचेचा रंग घेऊन बोटाच्या जागी नुसतं मिटलेलं मूळ काढलं. ते नीट जमेना. शेवटी नानांनी हात टेबलावर तसाच ठेवला आणि पेंटर त्या खऱ्या हाताकडं बघत काढायला लागला. काकी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "अजून थोरा आत. हां. तिकरं गाठ हाय." मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा पेंटर डोकं सोडून दुसरं काहीतरी बघून काढत होता. त्यानं तोंडानं तसं कबूल केलं नाही.

"ओलं आहे. आठवडाभर हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला.

रविवार

गरम पाणी खरंच फक्त सकाळी आलं. वडाळे तळ्याला एक फेरी मारली, बदकं, जॉगिंग करणारे, आणि काठावर योगासनं करणाऱ्या मावश्यांचा घोळका. मग कामोठे गाठलं.

सभागृह भरलं होतं. फेटे, सत्कार, माईकची कुईकुई, सगळं यथासांग. काकी पहिल्या रांगेत, नवं लुगडं, नाकात मोठी नथ, शेजारी नाना कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. पडदा ओढला. टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या संपता संपता मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "अरे, पेंटर नानांचा एक बोट विसरला!"

हशा पिकला. शशी पेंटर माझ्या शेजारी होता, त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आता जन्मभर हेच ऐकायचं," तो पुटपुटला. "चौघांच्या अंगावर एक कोट चालतो, तिकडं कुणाचं लक्ष नाही. एक बोट कमी काढलं की लगेच दिसतं."

काकी मागं वळल्या आणि माईक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विसरला नाय. मी कारायला लावला."

नाना चित्राकडं बघत नव्हतेच. ते बायकोकडं बघत होते, आणि चित्रातल्या डोळ्यांत जो मिस्कीलपणा होता तो आता तिथं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत होता. बुंदीचा लाडू खाऊन मी निघाले. दिनेशनं गाडीत कोलंबीच्या लोणच्याची बाटली ठेवली. परतीच्या वाटेवर घाटात रविवारची गर्दी लागते, शक्यतो दुपारच्या आधी घाट चढा. मी उशीर केला आणि लोणावळ्यापर्यंत रखडले, पण रखडायला हरकत नव्हती.

घरी पोचले तेव्हा सुधीरनं खिचडी टाकली होती. जेवताना सगळं सांगितलं. चार शेठ, एक कोट, नाना, काकी. तो मध्ये एकदाही बोलला नाही, हे आमच्या घरात विशेष. लोणच्याची बाटली अर्धी झाली.

मग पाणी पिऊन म्हणाला, "माझं कधी चित्र काढून घेतलंस तर बॉडी कुठली घेशील?"

"साहेब. तुला पुढारी शोभणार नाही, हात जोडायची सवय नाही तुला."

"बरं. पण एक सांग त्या पेंटरला." त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "मिशी अशीच काळीभोर पाहिजे. माझी अजून एकही पिकलेली नाही, हे सगळ्या ऑफिसात प्रसिद्ध आहे."

मोरीत, बादलीच्या मागं, जुन्या तेलाच्या डब्यात एक छोटी बाटली आणि काळा पडलेला एक दात घासायचा ब्रश असतो. गेली कित्येक वर्षं मोरी घासताना मी तो डबा जरा उचलते आणि जिथल्या तिथं ठेवते. दर दुसऱ्या रविवारी हा माणूस अर्धा तास आत असतो आणि बाहेर येऊन म्हणतो, "पाणी फार गार होतं."

"काळीच ठेवायला सांगेन," मी म्हटलं आणि ताटं उचलली. एखाद्या दिवशी मीही सांगेन सगळं. अजून घाई नाही. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं व्हायला बराच वेळ आहे.